आईचा कान

लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत एका पाट्या बनवणाऱ्याचं डिझाइनचं दुकान होतं. कुठलंही चित्र तो कॉम्प्युटरवर कोरेलमध्ये स्वतः रेघ रेघ ओढून काढायचा. हे एका बटणात होतं की, असं कुणी म्हटलं की म्हणायचा, "मशीन डागबी उचलतंय, सर. त्याला नाक काय अन् डाग काय, सारखंच." ओठ पुढं काढून माऊस इतका हळू सरकवायचा, की झोपलेल्या लेकरावरची माशी हाकलतोय असं वाटावं.

माझ्या नव्या क्लासच्या पाटीवर मला आईचं चित्र हवं होतं. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून तिचा एकच फोटो निघाला होता आणि त्यात कानाच्या जागी कागद सोललेला. तिथं येऊन त्याचा हात थांबला.

"मनानं काढलेला कान कुणाचाबी होईल," तो म्हणाला. मग उठून त्यानं माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडं वळवलं. "तुमचा कान दावा. हलू नका." अर्धा तास मी पहिल्या बाकावरच्या पोरासारखा गप बसलो.

पाटी चढली तेव्हा मावशी खालून बघत राहिली. "अक्काचा कान अगदी असाच होता बघ," म्हणाली.

 मी नुसता माझा कान चाचपला.