पाचवा कोट

बोगुमिलाबाईंनी विद्यापीठाच्या तळघरात लोकांचे कोट सांभाळत एकतीस वर्षं काढली. वर्गात जाणाऱ्याचा कोट घ्यायचा, खुंटीला लावायचा, नंबराचा पितळी बिल्ला हातात द्यायचा. संध्याकाळपर्यंत हे तीनचारशे वेळा. विद्यार्थ्यांना त्या नावापेक्षा कोटावरून जास्त ओळखत. कोटाच्या मानेला अडकवायची नाडी नसली की सगळ्या रांगेदेखत उद्धार व्हायचा, "हा कुठे लटकवू? माझ्या कानाला?" माझा नातू कायेतान इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला होता. तो घरी येऊन त्यांची हुबेहूब नक्कल करायचा.

अठरा जानेवारीच्या बुधवारी, पावणेबाराला, वरच्या मजल्यावर एका माणसानं गोळ्या झाडल्या. जिन्यावरून धावत आलेल्या एकोणीस मुलांना बोगुमिलाबाईंनी कोटांच्या रांगांमागे बसवलं, दिवे मालवले आणि दबक्या आवाजात दम भरला, "शिंकलात तर याद राखा." ती सगळी सुखरूप घरी गेली. हे मला त्यांतल्याच एका मुलीनं पुढे सांगितलं. बाईंनी स्वतः कधीच नाही.

वर पाच जण गेले. कायेतान त्यांतला एक. खाली त्यांचे पाच कोट लटकत राहिले.

कोट पार्सलनं पाठवावेत, असं कचेरीत ठरत होतं. "पार्सल?" बाई म्हणाल्या, "घरच्यांनी काय बूट मागवलेत?" रजा टाकून त्यांनी चार कोट चार घरी स्वतः पोचवले, पार क्राकोवपलीकडच्या एका खेड्यापर्यंत. पाचवं घर आमचं. आणि आमचं दार उघडत नव्हतं.

दार उघडत नव्हती माझी मुलगी होनोराता. कायेतान तिचा एकुलता एक. माझे यजमान गेल्यापासून मी तिच्याकडेच राहते, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण कायेतानचे शेवटचे शब्द घेऊन यायचा. एकाला म्हणे तो आईविषयी काही बोलला होता, दुसरीला खिडकीतल्या आभाळाविषयी. माणसं वाईट नव्हती. त्यांच्याजवळ आणायला दुसरं काही नव्हतं. पण एकेका वाक्यानं होनोराता खचत गेली. शेवटी म्हणाली, "आई, आता आणखी एक वाक्य ऐकवणार नाही मला. कुणाला आत घेऊ नकोस."

शाळेत सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय अजून आहे, म्हणून खात्रीनं लिहिते: बोगुमिलाबाई सहा वेळा आल्या. मी दार किलकिलं करून "आज नको" म्हणायची. "बरं. कोट काही पळून जात नाही," असं म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले उतरायच्या.

सातव्यांदा आल्या त्या पुढच्या वर्षीच्या दोन मार्चला, शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

"माझ्यामागे याला खोक्यात कोंबतील," त्या म्हणाल्या. "मी आईच्या हातात देणार. नाहीतर बसते इथे पायरीवर. मला सवय आहे बसायची."

आवाज आत पोचला असावा. होनोराता माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिनंच दार पूर्ण उघडलं.

"काहीही केलं नाहीये याला," कोट देत बाई म्हणाल्या. "खिसेसुद्धा बघितले नाहीत."

होनोरातानं कोट मांडीवर घेतला. मग तिनंच विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाला तुम्हाला?"



"आठवत नाही," बाई म्हणाल्या. "बर्फ पडत होता, तासाची घाई, ही गर्दी. खूप आठवून बघितलं हो. लाज वाटते सांगायला, पण नाही आठवत."

"म्हणजे विशेष काही बोलला नाही."

"विशेष बोलला असता तर लक्षात राहिलं असतं. मीच ओरडले असणार. बर्फ कधी झटकायचा नाही तो! सगळा माझ्या फरशीवर!"

"माझ्यासुद्धा!" होनोराता म्हणाली. "रोज! पायपुसणं काय शोभेला ठेवलं होतं?"

आणि दोघी माझ्या नातवाची गाऱ्हाणी सांगत सुटल्या. मी स्वयंपाकघरात खसखशीचा केक कापायला गेले आणि मुद्दाम वेळ लावला.

जवळजवळ चौदा महिने आमच्या घरात शेवटचं बोलून जाणारा कायेतान होता. बाईंनी ओले बूट घेऊन आत येणारा परत दिला. मनात असतं तर एखादं गोड वाक्य त्यांनाही रचता आलं असतं. त्यांनी ते रचलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही. त्यांना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "केक कोरडा झालाय."

चहा ओतताना होनोरातानं विचारलं, "बाकीच्या चौघांवर कशावरून ओरडायचात?"

"लुडविकावर तर रोज! लाल कोट, आणि खिशात उघडं पेन." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग ओटिलिया झाली, लांबुडका फ्लोरियान झाला. "आणि प्राध्यापक विट! इतके शिकलेले, पण बिल्ला रोज हरवायचा. रोज म्हणजे रोज!"

बोलता बोलता बाईंची चारची ट्रॅम चुकली. पुढच्या ट्रॅमपर्यंत सोडायला म्हणून होनोराता अंगात तोच कोट घालून त्यांच्याबरोबर निघाली. इतक्या महिन्यांत ती माझ्याशिवाय बाहेर पडली नव्हती. जिन्यात दोघींचं बोलणं पार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.