कुडपणच्या वतीने मी बोललो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सहकाऱ्यांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल कदाचित.

आधी वनिताविषयी सांगू द्या. तिच्याविषयी बोलायला मला आवडतं.

ती पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणची. डोंगरावरचं गाव, नाचणी-वरीची शेती, घरटी एक तरी माणूस मुंबईला. आठवीपासून शिकायला महाडला आत्याकडे राहिली आणि माझ्या इतिहासाच्या वर्गात आली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा धडा संपला तेव्हा ती उभी राहिली. पाणी पिऊन लोक घरी गेले, तेव्हा घरी काय बोलले ते कुठं लिहिलंय, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, पुस्तकात नाही. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

पुढं ती राज्यशास्त्रात गेली. पीएच.डी.साठी विषय घेतला तो आमच्याच भागाचा — इथल्या बातम्यांत कोण बोलतं? केबलवाल्यांच्या जुन्या बातम्या मागून आणायच्या, एकेक पुन्हा पुन्हा पाहायची, कॅमेऱ्यानं कुणाला दाखवलं आणि माईक कुणापुढं धरला ते टिपायचं. किती चिकाटी! मी एकदा तिच्याशेजारी बसून पाहिलं आणि तासाभरात कंटाळलो. ती मला म्हणाली, "सर, डोंगरातली माणसं बातमीत दिसतात, पण बोलत नाहीत. चित्र त्यांचं आणि आवाज महाडचा."

महाडचा आवाज म्हणजे कुणाचा? डॉक्टर, वकील, एक-दोन मोठे दुकानदार — आणि मी. मला बोलता येतं, शुद्ध बोलतो, थोडक्यात बोलतो. मार्चमध्ये तळ्यावर एवढी माणसं लांबून येतात, तेव्हाही वार्ताहर गर्दी ओलांडून माझ्याकडे यायचा. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वनिताला वाटलं. पण तिच्या बोलण्यात कधी डंख नसायचा. वार्ताहर खोटं बोलतात असं तिचं म्हणणंच नव्हतं. कुणाला विचारायचं हे आधीच ठरलेलं असतं, एवढंच ती दाखवत होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो — यायलाच हवं.

वनिता तेव्हा पुण्यात शिकत होती. त्या पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली आणि कुडपणच्या रस्त्याचाही एक तुकडा खाली गेला. वार्ताहर माझ्या दारात आला. वरच्या लोकांचं काय म्हणणं आहे, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, लोक घाबरलेत, गाव सोडून खाली यायला ते तयार आहेत. संध्याकाळी केबलवर मी हे बोलताना दिसलो; दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच आलं, माझ्या नावाशिवाय, जणू गावच बोललं. मग कुडपणची माणसं रस्ता मागायला खाली आली की जो तो त्यांना विचारायचा, तुम्ही तर खाली येणार होता ना? रस्ता रखडला. आजारी माणसांना डोलीत घालून उतरवावं लागलं. तिची आजीसुद्धा तशीच उतरली.

ही बातमी वनिताच्या अभ्यासात येणारच होती. ती माझ्या घरी आली, रेकॉर्डर मध्ये ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "सर, ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "मी स्वतः वर जाऊन आलो होतो. दोघातिघांशी बोललो."

तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा पाहिल्यावर मी शब्द मागे घेतले का? नाही. चहा घे म्हणालो.

बाकी प्रत्येकाचं म्हणणं तिनं दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घेतलं होतं. माझं नाही घेतलं. मी तिचा सर होतो.

नंतर महाडला कॉलेजच्या सभागृहात तिचं व्याख्यान झालं. काय बोलली! शहरातली सगळी बोलकी माणसं समोर बसलेली, आणि कुणालाही न दुखावता तिनं त्यांना त्यांची जागा दाखवली. शेवटी एकानं विचारलं, आमच्यातलं कुणीच वर गेलं नाही का? ती म्हणाली, "एक जण गेले होते. ते माझे सर." टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो. हात जोडले.

खोटं बोलणं एका क्षणात होऊन जातं. पण उभं राहायला, वळायला, हात जोडायला वेळ लागतो. तो सगळा वेळ माझ्या हातात होता.

बाहेर चहाच्या टेबलापाशी तिचे वडील आले. धोंडूभाऊ, मुलीसाठी इस्त्रीचा सदरा घालून आलेले. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, तवा रस्ताच नव्हता. आमीच खाली उतरलो नाय, तर वर कोन येनार?"  मग तेच म्हणाले, "मी तिला सांगनार नाय. तिचा तुमच्यावर लय जीव हाय."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. ते रागावले नव्हते. सरळ माणूस, पण त्या दिवसापासून त्यांना स्वतःच्या मुलीपासून काहीतरी लपवावं लागलं. गावाच्या वतीने मी एकदा बोललो होतो; आता त्या गावातल्या एका माणसाला मी गप्पही केलं होतं.

तिच्या अभ्यासाचं आता पुस्तक होतंय. तिनं परवा फोन केला, कुडपणच्या बातमीच्या पानावर, वर जाऊन आलेले म्हणून तुमचं नाव घालू का, असं विचारायला. मी म्हणालो, तुझी मर्जी. आवाज अगदी सहज होता माझा.

हे लिहून झालं की आधी तिलाच पाठवणार आहे. म्हणून शेवटचं तिच्याशीच बोलतो.

वनिता, मी कुडपणला गेलो नव्हतो. तेव्हाही नाही, त्यानंतरही नाही. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते वाक्य माझंच. तुझ्या वडिलांना माझं खोटं तुझ्या व्याख्यानाच्या दिवसापासून ठाऊक आहे. ते तुझ्याशी खोटं वागले नाहीत. खोटं वागलो तो मी.