मेलं का नाही?

"पूरा मारो! आधा मरा हुआ मैं पास नहीं करूँगी," मी फोनवर ओरडले. मागे कुणाच्या तरी हातातली बशी खाली पडली.

सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या दिवशी मला बघायला नागपूरची मंडळी आली होती. मुलगा श्रीकांत आणि त्याचे आईवडील. मी स्टील प्लांटच्या लॅबमध्ये केमिस्ट. बाबाही प्लांटमध्येच, म्हणून घरात फोन होता. आलूबोंडे पुढे ठेवले आणि तो वाजला.

पलीकडे लॅब असिस्टंट साहू. लेडलच्या सँपलमध्ये अ‍ॅल्युमिनियम कमी निघालं होतं. लेडल म्हणजे वितळलेलं पोलाद भरलेलं भलंमोठं भांडं. शॉपवाले, म्हणजे भट्टीवरची माणसं, तसंच साच्यात ओतायला निघाले होते. ओतलं असतं तर अख्खा माल भंगारात. थांबावं तर पोलाद निवत जातं.

"और अ‍ॅल्युमिनियम डालो," मी म्हटलं. "ठंडा होने से पहले मारो. फिर बताओ, मरा कि नहीं."

फोन ठेवून वळले. श्रीकांतच्या आई पदर तोंडाशी धरून माझ्या आईला विचारत होत्या, "काय बाई, पोरगी कोणाले माराले सांगून राहिली?"

"किल्ड स्टील, किल्ड स्टील," बाबा घाईनं म्हणाले. त्यानं आणखीच बिघडलं.

मग मी समजावलं. "काकू, वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन असतो. साच्यात ओतलं की ते दुधासारखं उकळ्या मारतं, आत पोकळ्या राहतात. अ‍ॅल्युमिनियम तो ऑक्सिजन धरून ठेवतं. पोलाद शांत पडून राहतं. म्हणून किल्ड."

"मंग चूप करते म्हणा ना. मारते कावून म्हणता?"

श्रीकांतचे वडील शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. आतापर्यंत मन लावून खात होते. ते हात पुसून सरसावले.

"अवो, किलचा जुना अर्थ नुसता फटका मारणं. जीव घेणं मागून चिकटलं त्याले. अन् इंग्रज टाइम किल करते, तर कोणाचं मयत होते काय?"

श्रीकांत रेल्वेत होता. तो पहिल्यांदाच बोलला. "आई, आमच्याकडे वॅगन बिघडली का तिले सिक म्हणते. सलाइन लावते काय कोणी?"

मला हसू आवरलं नाही. आईनं डोळे वटारले.

तेवढ्यात पुन्हा फोन. साहू म्हणाला, "मॅडम, मर गया."

"मेलं," मी सगळ्यांना सांगितलं.

काकूंनी हात जोडले. "सुटलं बिचारं."

माल पास झाला. लग्नही ठरलं, श्रीकांतचा होकार जाताना दारातच आला. काकूंचा मात्र आठ दिवसांनी, पत्रानं.

पुढे नव्या ट्रेनींना मी एकच सांगत आले. धंद्यातला शब्द परक्यापुढे काढायचा तर आधी अर्थ सांगावा, मग शब्द. बाबांनी उलट केलं होतं. आणि मुलगी केमिस्ट असेल तर फोन आतल्या खोलीत ठेवावा.