सायीचा की हस्तिदंती

धाकू पेंटर सिंधुदुर्गातून गोव्यातल्या सर्वणात आला, त्याला तीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाला रंग सुचवायचा नाही, हा त्याचा हट्ट. विनोदिनीबाईंनी चवथीच्या गणपतीसाठी पावसाआधीच घर रंगवायला काढलं. दोन रंगांत त्यांचं ठरेना, तेव्हा बसायच्या खोलीत त्याने सायीचा आणि हस्तिदंती असे दोन पट्टे मारले आणि म्हणाला, "खिडकी उघडी ठेवा. आठ दिसांनी बघूया."

समोरच्या रस्त्याने दिवसभर खाणीचे ट्रक तांबडी धूळ उडवत जात. आठव्या दिवशी दोन्ही पट्टे सारखेच तांबूस झाले होते.

"यातला सायीचा कुठला?" बाईंनी विचारलं.

"आता मलाही सांगता यायचं नाही," म्हणत धाकूने सायीच्या डब्यात मूठभर गेरू घातला आणि ढवळू लागला. "भिंत शेवटी जो रंग धरणार, तोच आधी देऊया, बाई. पुढल्या चवथीलाही ती नवीच दिसेल."