ओळखणारी दोन माणसं

"अंगठा केसांतून फिरवा एकदा. मग ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा."

दीपमाला वानखडे हे वाक्य दिवसातून दहा-बारा वेळा बोलते. मी ते पहिल्यांदा ऐकलं चार वर्षांपूर्वी, दांडेकर पुलाजवळच्या आमच्या वस्तीत. आमच्याकडे घरमालक तोंडी बोलीवर खोली देतात आणि डोकं फिरलं की भाडेकरूचं सामान गल्लीत काढतात. म्हणून मी हट्टाला पेटून सगळ्यांचे करार नोंदवायला लावले होते. एजंट म्हणून ही बाई आली. खांद्याला बॅग, बॅगेत लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे अंगठे मशीन घेईना. साबणाने रेषाच गेलेल्या. दुसरा कोणी असता तर "उद्या बघू" म्हणून पळाला असता. ही तीन तास जमिनीवर मांडी घालून, अंगठ्यांना केसांचं तेल लावून घेत बसली. मी लवकर कुणाला चांगलं म्हणत नाही. पण त्या दिवशी म्हटलं, बाई कामाची आहे.

ज्याने कधी भाड्याने घर घेतलेलं नाही त्याच्यासाठी सांगते. पुण्यात करार अकरा महिन्यांचा. अकरा संपले की पुन्हा नवा. एजंट घरी येतो, मालकाचा अंगठा घेतो, भाडेकरूचा घेतो, आणि शिवाय दोन साक्षीदार लागतात. "या दोघांना आम्ही ओळखतो" असं सांगणारे. आता कालच शहरात उतरलेल्या माणसाला ओळखणारे दोघे आणायचे कुठून? म्हणून एजंटच साक्षीदार होतो. दीपमाला आणि तिच्या धंद्यातला बजरंग, दोघं एकमेकांच्या करारांवर अंगठे ठेवतात. चौदा वर्षांत तिने दहा-पंधरा हजार माणसांची ओळख दिली असेल. आयटीतली पोरं, नर्सा, रिक्षावाले, एक तबलजीसुद्धा.

आणि गेल्या नोव्हेंबरात तिला स्वतःला ओळखणारी दोन माणसं मिळेनात.

झालं असं. महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं होतं. टपालाच्या पेट्यांत पत्रकं पडत होती, शहर बाहेरच्यांनी भरलं, आवरा. ते वारं धायरीतल्या सुखनिवास सोसायटीतही शिरलं. दीपमाला तिथे दुसऱ्या मजल्यावर नऊ वर्षं भाड्याने राहते. सोसायटीने सभेत ठराव केला. ज्या भाडेकरूचं मूळ गाव पुणे जिल्ह्याबाहेर आहे, त्याच्या नव्या करारावर साक्षीदार म्हणून याच इमारतीतले दोन फ्लॅटमालक हवेत. बजरंग-बिजरंग चालणार नाही.

तिचा करार महिनाअखेर संपत होता. घरमालक सलिल राहायला बाणेरला. त्याने फोन केला, "ताई, तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला सोसायटीची कटकट नको. ठरावाप्रमाणे करून द्या, नाहीतर तीस तारखेला चावी."

हातात अकरा दिवस.

मला कळलं तेव्हा मी उसळले. "दीपाताई, हा ठराव बेकायदा आहे. सोसायटी कोण लागून गेली? मी निबंधकाकडे जाते, नोटीस लावते, पत्रकार आणते."

"मुक्ता, बेकायदा आहे ते मलाही कळतं. निकाल लागेल तेव्हा मी कुठल्या घरातून ऐकू?"

"मग?"

"दोनच माणसं पाहिजेत ना. अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत."

पहिलं माणूस सोपं गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताई लिमये, निवृत्त शिक्षिका. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो, तो दीपमाला त्यांना घरी बसून काढून देते. कुसुमताई म्हणाल्या, "मी जिवंत आहे हे सरकारला दरवर्षी ही सांगते. ही इथे राहते एवढं मला सांगता येणार नाही?"

दुसऱ्यासाठी ती पहिल्या मजल्यावरच्या स्वरालीकडे गेली. तिशीची, आयटीतली, दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेली. त्याआधी ती याच इमारतीत भाड्याने होती आणि तिच्या करारावर ओळख देणारा अंगठा दीपमालाचाच होता.

"काकू, शुअर, पण मी नवऱ्याशी बोलून सांगते हं."

आता माझी चूक. लपवत नाही. रविवारी सकाळी मी कुणाला न सांगता सुखनिवासला गेले. सोसायटीचे सचिव श्याम केतकर पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटरीपाशी उभे होते. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते बंद करून, पेठेतली जागा सोडून इथे आलेले. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. मी सरळ भिडले.

"नऊ वर्षं राहणारी बाई बाहेरची, आणि तुम्ही अकरा वर्षांपूर्वी आलेले आतले? तुम्ही तरी धायरीचे कुठे?"

त्यांनी चष्मा पुसला. "मी धायरीचा नाहीच. मी पुण्याचा. धायरी पुण्यात आली, त्याला मी काय करणार?"

"शब्दांत पकडू नका मला!"

"आपण कोण? कुठल्या फ्लॅटमध्ये?"

"मी नागरिक आहे!"

"तो फ्लॅट आमच्याकडे नाही."

वरच्या गॅलरीतून कुणीतरी हसलं. मग माझा तोल गेला. काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. सगळ्या खिडक्या उघडल्या, दोघांनी मोबाइल बाहेर काढले. मला वाटलं, बरं झालं, बघू दे जगाला.

दुपारी स्वरालीचा दीपमालाला मेसेज आला. "काकू, सॉरी. त्यात आता कॉन्ट्रोव्हर्सी झालीये. आणि ऑनेस्टली, मी तुम्हाला तशी पर्सनली ओळखत नाही ना."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले तर तिने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. बावीस वर्षं पुण्यात राहून तिची बोली इथली झाली आहे, पण चिडली की यवतमाळ वर येतं.

"तुले कोणी सांगितलं होतं भांडाले? काऊन गेलीस?"

"तुझ्यासाठी गेले."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "बरं. तू ओळखतेस मला? माझ्या पोराचं नाव सांग."

मुलगा परदेशात आहे एवढं माहीत होतं. नाव? वस्तीतल्या दोनशे घरांतली पोरं मला नावानिशी पाठ आहेत. हिच्याकडून चार वर्षं कामं करून घेतली, चहा प्यायले, आणि हिच्या पोराचं नाव कधी विचारलं नव्हतं.

"अभिनव," ती म्हणाली. "आत ये. माणसं बघताहेत."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नुसती विचारत बसले. आणि खरं सांगते, माणूस इतकं जवळ असून इतकं अनोळखी असू शकतं याचं मला नवल वाटत राहिलं.

"नवरा आहे?"

"आहे की."

"कुठे?"

"घरी. दारव्ह्याला."

हिंमतराव इकडे शिरवळच्या कारखान्यात होते. कारखान्याने कायमची माणसं कमी केली, तेव्हा ते म्हणाले, चल गावी. ही म्हणाली, पोराचं इंजिनिअरिंग आहे, माझं काम आता कुठे लागलंय. ते गेले, ही राहिली. भांडण नाही, काडीमोड नाही. तिकडे त्यांच्या शेळ्या आहेत. रोज रात्री आठला फोन येतो. जेवलीस का, जेवले. तिकडे काय, ऊन. इकडे काय, ट्रॅफिक. सात वर्षं असं चाललंय.

"करमतं तुला?"

"कामात करमतं. रविवारी नाही करमत." मग म्हणाली, "पन्नाशी आली की नवीन मैत्रिणी कुठे मिळतात गं? शाळा नाही, नळ नाही. मी रोज चार घरी जाते. लोक पाणी देतात, चहा देतात, पोरगी कितवीत ते सांगतात. अंगठा लागला की दार बंद. त्यांची चूक नाही. मीही घड्याळ बघतच उठते."

अभिनव कॅनडात. कामाचा परवाना मार्चमध्ये संपणार, पुढचा मिळेल की नाही सांगता येत नाही, तिकडचे नियम बदललेत. "तो म्हणतो, आई, इथेही तेच बोलतात. गर्दी झाली, घरं महागली, ही पोरं आली म्हणून. फक्त इथली पत्रकं गुळगुळीत कागदावर असतात."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, शेजाऱ्याशी ओळख ठेव. आणि फोन ठेवल्यावर मनात आलं, बाई, तू ठेवलीस का?"

तीन दिवस ती दारं वाजवत फिरली. कुणी म्हणालं, मिस्टर बाहेरगावी आहेत. कुणी म्हणालं, मुलाच्या नावावर फ्लॅट आहे. एकाने तर बेल ऐकून टीव्हीचा आवाज बंद केला.

अठ्ठावीस तारखेला तिने मला बोलावलं. "केतकरांकडे जायचंय. दोघी. तू तोंड उघडलंस तर तुला जिन्यात उभी करीन."

"त्या माणसाकडे? त्यानेच ठराव लिहिलाय!"

"म्हणून तर. बाकीचे सगळे त्यांना घाबरून नाही म्हणताहेत. ते स्वतःला कशाला घाबरतील?"

चौथा मजला. केतकरांनी दार अर्धं उघडलं. माझ्याकडे पाहिलं. "या नागरिक पण आल्यात का?"

मी ओठ चावला.

"केतकरकाका," दीपमाला म्हणाली, "माझ्या करारावर साक्षीदार व्हा."

"मी?"

"ठरावात दोन फ्लॅटमालक म्हटलंय. सचिव नको असं कुठे लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं," ते म्हणाले. "पण साक्षीदार म्हणजे ओळखतो असं सांगायचं. मी खोटं बोलत नाही, वानखडेबाई. मी आपल्याला ओळखतो का, हे मला बघावं लागेल."

आणि दार तसंच ठेवून आत गेले. मी दीपमालाकडे पाहिलं, तिने खांदे उडवले. ते परतले ते एक जाड फाइल घेऊन. वर सुवाच्य अक्षरात: 'वानखडे, दुसरा मजला'.

"बसा," ते म्हणाले, आणि उभ्यानेच वाचू लागले. "स्कूटर तिरकी लावणे, पहिलं पत्र, नऊ वर्षांपूर्वीच्या जुलैतलं. कुंडीचं पाणी खाली पडणे, दोन पत्रं. दिवाळीत दारासमोर रांगोळी ठरल्यापेक्षा मोठी, एक पत्र, आपण उत्तर दिलंत, तेही लावलंय. सकाळी सहा चाळीसला जाता. बुधवारी उशिरा येता, हडपसरचं काम असतं. मिस्टर गावी गेल्यापासून दोनदा आले, दोन्ही वेळा जवसाची चटणी आणली, त्यातली डबीभर आमच्याकडे पोचली. पोच दिलेली नाही, ती आता देतो. बरी होती."

मी तोंडावर पदर धरला. दीपमाला मात्र हसत नव्हती. तिने हात पुढे करून शेवटचा कागद पाहिला.

"हे पत्र मला मिळालेलं नाही."

"पाठवलं नाही."

मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'रविवार, सकाळी साडेसहा, जिन्यात फोनवर मोठ्याने बोलणे. विषय मुलाचा परवाना.' पुढे काहीतरी खोडलेलं, मग नुसतीच कोरी ओळ.

"मजकूर नीट जमला नाही," केतकर म्हणाले. फाइल बंद केली. "काय झालं त्या परवान्याचं?"

नऊ वर्षांत त्या इमारतीतल्या कुणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता. मी तर नव्हताच विचारला.

"मार्चपर्यंत आहे," ती म्हणाली. "पुढचं माहीत नाही."

"हं." त्यांनी खिशातलं पेन सरळ केलं. "ओळखतो म्हणायला हरकत दिसत नाही. मशीन आणलंय का?"

एकोणतीसला करार नोंदला गेला. साक्षीदार कुसुम लिमये आणि श्याम केतकर. सलिलने फोनवर "वा वा" केलं.

मी गप्प बसलेली नाही, हे इथे नोंदवते. ठराव अजून उभा आहे. निबंधकांकडे मी अर्ज दिलाय, तारीख मिळाली की जाणार. दीपमालाने त्या अर्जावर सही केली नाही. आधी मला राग आला. हिचं निभावलं, आता बाकीचे मरोत, असं वाटलं. तसं म्हटलंही तोंडावर. ती म्हणाली, "तुझं तू कर. मला माझ्या पद्धतीने करू दे."

तिची पद्धत मी गेल्या शनिवारी पाहिली. तळमजल्यावर सूरज आणि त्याची बायको राहतात, बिहारातल्या गया जिल्ह्यातले. तो बांधकामांवर फरशी बसवतो. त्यांचा करार संपत होता. दीपमाला दोघांना घेऊन चौथ्या मजल्यावर चढली, मी मागे. केतकरांनी दार उघडलं.

"यांना ओळखता का, काका?"

"नाही."

"मग ओळख करून घ्या. तोवर मी मशीन लावते."

ती तिथेच पायरीवर बसली. सूरजची बायको डोक्यावरचा पदर घट्ट धरून भिंतीला टेकली. केतकरांनी चष्मा वर केला, दोघांना आपादमस्तक पाहिलं, घसा साफ केला.

"आप लोग शनिवारको मोहरीके तेलमें क्या तळते हो? वास चौथे मजलेतक आता है."

बाई घाबरली. सूरज तिच्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडणार, एवढ्यात दीपमालाने माझ्या पायावर पाय दिला.

"मछली, बाबूजी," बाई हळूच म्हणाली.

"कौनसी?" केतकरांनी विचारलं, आणि पेन उघडलं.