नुसती पिशवी नव्हे

दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता आणि आज तिची तपासणी होती. सासूबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "अगं, पिशवीला काम ते काय? नुसतं धरून बसायचं. हिच्या पिशवीला तेवढंही जमलं नाही."

सून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मला सातवा महिना होता आणि प्रयोगशाळेत मी गर्भाशयाच्याच पेशींचा अभ्यास करते. मला राहवलं नाही. त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आजी, पिशवी नुसतं धरून बसत नाही. दिवस राहिले की तिच्या पेशींतली कितीतरी जनुकं जागी होतात, कितीतरी गप्प होतात. कळा आणणाऱ्या जनुकांना ती महिनोन् महिने दाबून ठेवते आणि वेळ आली की मोकळं सोडते. शिवाय गर्भ पडतो तेव्हा पुष्कळदा गर्भातच काही बिनसलेलं असतं. त्यात हिचा काय दोष?"

"शिकलेल्या बायकांना बोलायला काय जातं!" त्या पुटपुटल्या.

पिशवी खुंटीला टांगता येते, फाटली की टाकून देता येते. एवढी उलथापालथ पेलणाऱ्या अवयवाला आपण तेच नाव दिलं, आणि बाईलाही तसंच वागवत आलो. मी तरी हे ऐकून घेणार नाही.

नर्सनं सुनेचं नाव पुकारलं. सवयीनं आधी सासूबाईच उठल्या.

"तुम्ही बसा, आई," सून म्हणाली. "माझं मी विचारून येते."

आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.