थ्री फेजच्या वेळेतली कॅसेट

एका अमेरिकन गिटारवाल्याच्या जुन्या मैफिलीच्या इंटरनेटवरच्या व्हिडिओखाली लोकांनी जे लिहून ठेवलंय ते मला आता जवळजवळ पाठ झालंय. एक म्हणतो, ड्रम फार पुढे आलेत. दुसऱ्याचं म्हणणं, टाळ्या वाजवणाऱ्यांना तालाचा गंध नव्हता, त्यांना दाराबाहेर काढायला हवं होतं. एक बाई लिहितात, मी तिथे होते, तिसऱ्या रांगेत, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यातलं निम्मंही उतरलेलं नाही. बऱ्याच जणांचं मत मात्र एकच, की म्हातारा गिटारवाला त्या दिवशी घाईत होता. हात तयार, पण जीव ओतलेला नाही; शेवटची बस चुकेल अशा बेताने वाजवतोय. या घाईवाल्या मताखाली माझं मत आहे. मोडक्या इंग्रजीत, रागारागात लिहिलेलं, आणि त्याच्याखाली मला हसणाऱ्यांची रांग.

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते दुखरं गाणं, ऐकणारी माणसं अमरावतीत किती असतील, मला ठाऊक नाही. कॉलेजात असताना आम्ही दोघंच होतो. मी, आणि माझा अकोल्याचा दोस्त. त्याच्या घरचा भाजीपाल्याचा मळा होता. तो गिटार वाजवायचा, मी फक्त मतं द्यायचो. पुढे ग्रंथपाल झालो, तेव्हा मत देणं हा माझा धंदाच झाला म्हणा.

दोस्ताचा एक मामेभाऊ जहाजावर नोकरीला होता. त्याने या अमेरिकन गिटारवाल्याच्या मैफिलीची अस्सल कॅसेट आणली होती आणि ती एका दुपारपुरती द्यायला तो कसाबसा तयार झाला. संध्याकाळी पाचच्या गाडीने त्याला परत जायचं होतं. म्हणजे ऐकायची तीही पहिल्यांदा आणि उतरवून घ्यायची तीही तेव्हाच. आम्ही मळ्यातल्या खोलीत बसलो. मामेभावाचा प्लेअर विजेवर लावला. ज्यात कॉपी करायची त्या माझ्या टेपमध्ये मात्र नवेकोरे सेल घातले, कॉपी चांगली यावी म्हणून. स्वतःला शहाणे समजणाऱ्यांनी करावी तशी ही काळजी होती.

दुपारी थ्री फेज, म्हणजे शेतीपंपांची वीज, आली. मळ्यामळ्यांतून विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरवरचं सगळं व्होल्टेज विहिरींत गेलं. बल्ब पिवळा पडला. डोक्यावरचा पंखा इतका हळू झाला की त्याची पाती मोजता यावीत. आम्ही पंख्याला शिव्या दिल्या, पुठ्ठ्याने वारा घेतला आणि ऐकत राहिलो. पंखा रेंगाळतोय तर त्याच विजेवरचा प्लेअरही रेंगाळत असेल, हे दोन कॉलेजवाल्यांच्या डोक्यात आलं नाही.

काय ऐकलं आम्ही! तो गिटारवाला सुरुवातीला चार शब्द बोलतो. त्याचा आवाज कसा खोल, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. आणि तिसऱ्या गाण्यात एकेक सूर असा ओढत नेतो की आता हा पुढे जाणारच नाही असं वाटावं. "पाह्य बे," दोस्त म्हणाला, "सगळे पयतेत. हा थांबते."

त्या थांबण्यावर त्याने जन्म काढला. गिटारच्या तारांचा सूर उतरवून त्या कॅसेटशी जुळवला आणि पुन्हा कधी चढवला नाही. अकोल्यातल्या एका ऑर्केस्ट्रात लागला, तिथेही तसंच वाजवायला गेला. मालकाने त्याला भर लग्नात विचारलं, "कावून बे, नवरदेवाले रडवून राहिला का?" आणि तिसऱ्या हंगामात काढून टाकलं. मग तो पहाटे भाजी बाजारात न्यायचा आणि दुपारी ओसरीवर बसून वाजवायचा. मी म्हणायचो, तो तिसऱ्या गाण्यातला तुकडा फार लांबलाय, मरतुकडा वाटतो. तो म्हणायचा, तुले घाई हाये, म्हनून तुले वाटते. तीस-पस्तीस वर्षं आम्ही यावरून भांडलो. इतकं सुखाचं भांडण मी दुसऱ्या कुणाशी केलेलं नाही.

गेल्या साली त्याला लकवा मारला. डावा हात गेला. तारा दाबायचा हात. बोलणं शाबूत राहिलं, जरा जड झालं इतकंच. रोज दुपारी चार वाजता वहिनी ती कॅसेट लावायच्या आणि तो खाटेवर पडून ऐकायचा. उजवा हात पोटावर ठेवून बोटं हलवायचा. मी महिन्यातून दोन रविवारी बडनेऱ्याहून गाडीने जायचो आणि शेजारी बसायचो. भांडायचोही, कारण भांडलो नाही तर त्याला आपण बिचारे झालो असं वाटलं असतं.

मग एके दिवशी टेपने कॅसेट खाल्ली. वहिनींनी फोनवर सांगितलं, "भाऊजी, फीत बाहेर ओढली त तुटलीच हो. दोन दिवसांपासून जेवले नाही ते धड." मी लगेच इंटरनेट धुंडाळलं आणि सगळीच्या सगळी मैफल सापडली. मला इतका आनंद झाला की उभ्या उभ्या मोबाइल कानाला लावला.

ती आमची मैफल नव्हती. गिटारवाला बारीक, चिरक्या आवाजात बोलला, बस कंडक्टरसारखा. तिसरं गाणं तुरुतुरु चाललं होतं. मला वाटलं, व्हिडिओ चढवणाऱ्याने वेग वाढवलाय. मी तिथेच लिहिलं, हे खोटं आहे, माझ्याकडे अस्सल कॅसेटची कॉपी आहे आणि त्यात हा माणूस घाईत नाही. पहिल्यांदा सगळे हसले. मग एकाने शांतपणे समजावलं, की माझ्याकडे मूळ तबकडी आहे, तिच्यातही हाच वेग आहे. तुमच्या कॉपीच्या वेळी प्लेअरच सावकाश चालला असणार, वीज कमी होती का? तेव्हा मला तो पंखा आठवला.

आता यापुढे मी जे केलं त्याबद्दल मला कुणी माफ करू नये. मोबाइलवर वेग कमी करता येतो म्हणून तसं करून पाहिलं. गाणं रेंगाळतं, पण सूर तिथेच वर राहतो. जमेना. रविवारी तेच सावकाश केलेलं घेऊन गेलो आणि त्याला लावून दिलं. म्हटलं, त्याला कुठे एवढं कळणार आहे. दोन मिनिटांच्या आत त्याने उजवा हात उचलला.

"हा कोन व्हय?"

"तोच."

"तो नाही हा. बंद कर."

इथे गप्प बसायचं होतं. चुकीची मैफल आणली, दुसरी शोधतो, एवढं म्हटलं असतं तरी निभलं असतं. पण मला खरं सांगायची खोड आहे, आणि त्याखाली दुसरंही काही होतं, ते लपवत नाही. इतक्या वर्षांच्या भांडणात मी जिंकलो होतो. तिसऱ्या गाण्यातला तो तुकडा उगाच लांबलेला होता हे सिद्ध झालं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. थ्री फेज, मोटारी, पिवळा बल्ब, नवे सेल. सांगताना हसलोही थोडा.

तो हसला नाही. छताकडे, पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग मी कोनाचं वाजवलं बे, जन्मभर?"

वहिनींनी चहा आणला, मी तो प्यालो आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. त्यानंतर त्याने चार वाजता काही लावायला सांगितलं नाही. वहिनींनी विचारलं तर म्हणाला, राहू दे.

उत्तर मला बुधवारी सुचलं, घरी भांडी विसळताना. इतकं साधं होतं की हातातलं पातेलं तसंच ठेवून दिलं. तुयंच वाजवलं, बाप्पा. त्या गिटारवाल्याने तसं कधी वाजवलंच नाही, मग ते दुसऱ्या कुणाचं असणार? फोन करावा असं वाटलं, पण असलं फोनवर सांगत नाहीत, तोंडावर सांगावं, रविवारी सांगू, असं ठरवलं. मुद्दाही मला घोळवून पक्का करायचा होता. शुक्रवारी त्याला दुसरा झटका आला.

दवाखान्यात मी त्याच्या कानाशी वाकून तीनदा सांगितलं. पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. दोस्ताचे डोळे उघडे होते. "भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आता ते कोनालेच ओयखत नाही. मलेही नाही."

मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि करायला काही नव्हतं म्हणून मोबाइल उघडला. माझ्या त्या हसं झालेल्या मताखाली कुणा परक्या माणसाने नव्याने लिहिलं होतं. बाकीच्यांनी हसणं सोडा, असं म्हणून तो मला विचारत होता, की तुमची ती सावकाश कॉपी मला ऐकायला मिळेल का? ती या मैफिलीपेक्षा चांगली असेल असं मला का कोण जाणे वाटतं. आणि तसं वाजवणारं कुणी असेल, तर मला त्यालाही ऐकायला आवडेल.

मी आत गेलो. खाटेशी बसून ते सगळं त्याला आपल्या बोलीत वाचून दाखवलं, त्याचा उजवा हात हातात घेऊन. बोटं हलली नाहीत. अजून आठ दिवस आधी त्या माणसाने लिहिलं असतं, किंवा मी आठ दिवस तोंड बंद ठेवलं असतं, तर.

परक्या माणसाला उत्तर देणं भाग होतं. कॅसेट तुटली, असं लिहिलं. वाजवणाऱ्याबद्दल काय लिहावं ते कळेना, म्हणून तेवढंच पाठवलं.